केशवबापूंचं खरं किती?

केशवबापू तारळेकर गेले तेव्हा परदेशातल्या आमच्या मराठी मंडळानं शोकसभा ठेवली आणि बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्याच ब्लॉकमध्ये राहते, मंडळाची नाटकं बसवते, त्यांच्याबरोबर एक नाटक केलंय, म्हणजे मला ते सगळ्यांत जास्त ठाऊक असणार, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. मीही हो म्हणून बसले. आदल्या संध्याकाळी त्यांची मुलगी वैशाली लिफ्टपाशी भेटली. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. म्हणाली, "अंजूताई, उद्या दोन गोष्टी सांभाळ. त्यांना देव करू नकोस. आणि माझ्याबद्दल काही बोलू नकोस."

"मग बोलू काय?"

"ते मला कळलं असतं तर मीच नसते का बोलले," ती म्हणाली आणि लिफ्टमध्ये शिरली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या आवाजाबद्दल बोलले, सिनेमातल्या कामांबद्दल बोलले, साताऱ्याकडच्या जत्रांत त्यांच्यासाठी माणसं कशी झाडावर चढून बसायची ते सांगितलं आणि पाच मिनिटांत खाली बसले. छान बोललीस, असं चारजण म्हणाले. बोलले छानच, पण कुणाबद्दल बोलले ते माझं मलाच कळेना. अजून नीटसं कळलेलं नाही. म्हणून लिहून बघते आहे.

केशव तारळेकर हे नाव आमच्या पिढीतल्या पुणे-साताऱ्याकडच्या माणसांना आठवेल, निदान आवाज तरी आठवेल. आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानात त्यांची कॅसेट दिवसभर वाजायची. आवाज काही गोड नव्हता. वरच्या पट्टीत गेला की किंचित फाटायचा, आणि जिथं फाटायचा तिथंच ऐकणारा हातातलं काम थांबवायचा. गाणी सगळी गावाकडची. पेरणीची, जात्यावरची, दिराला चिडवणाऱ्या भावजयीची, आणि सगळ्यांत जास्त सासरी निघालेल्या लेकींची. वगनाट्यातून ते सिनेमात गेले. तिथं त्यांना कायम बापाची कामं मिळाली. गरीब बाप, मानी बाप, लेकीसाठी अख्ख्या गावाशी भांडण काढणारा बाप. पडद्यावर त्यांनी किती पोरींना जवळ घेऊन कुरवाळलं असेल, गणती नाही.

वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी आहे, हे आम्ही बिशान या उपनगरात शेजारी राहायला लागून बरीच वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. तिनं कधी सांगितलंच नाही. ती एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघते, नवरा निखिल मरीन इंजिनिअर, वर्षातला निम्मा काळ बोटीवर. घरात ती आणि शाळेत जाणारी सई. एक दिवस ती सहज म्हणाली, "माझे वडील येणारेत राहायला. इथं राहायचा लाँग टर्म पास झालाय त्यांचा. गातात ते थोडंफार. त्रास झाला तर सांग."

आणि थोड्याच दिवसांत लिफ्टचं दार उघडलं तर आत केशव तारळेकर! धोतर, रेशमी सदरा, कुळकुळीत रंगवलेले केस, कानात अत्तराचा फाया. शेजारी उभ्या असलेल्या चिनी आज्जींना ते मराठीत सांगत होते, "आवो, ह्या पाळन्यात वारं न्हाई बगा." आज्जी हसून मान डोलवत होत्या. मी नमस्कार केला, ओळख सांगितली, तुमची गाणी ऐकत मोठी झाले म्हणाले. मी नाटकं बसवते हे कळल्यावर त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मंग तुमी आमच्या डायरेक्टरबाई." शेवटपर्यंत मी डायरेक्टरबाईच राहिले.

त्यांना तंबाखूची सवय. इथं खायची तंबाखू बंद. आणताही येत नाही, विकतही मिळत नाही. पहिले चार दिवस त्यांनी घर डोक्यावर घेतलं म्हणे. मग स्वतःच तोड काढली. डाव्या तळहातावर काही नसलेली तंबाखू ओतायची, काही नसलेला चुना लावायचा, अंगठ्यानं मळमळ मळायची, दोन थापट्या मारून उडवायची आणि चिमूट खालच्या ओठाखाली सोडायची. मग पाच मिनिटं डोळे अर्धे मिटून बसायचं. बोलताना जीभसुद्धा जड व्हायची त्यांची! खाली व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर, बुद्धिबळ खेळणारे चिनी म्हातारे त्यांचे मित्र झाले होते. बापू त्यांच्यापुढे तळहात धरायचे, "घ्या." म्हातारेही गंभीरपणे चिमूट उचलायचे आणि तोंडात टाकायचे. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून हसून पोट दुखलं. वैशालीला सांगितलं तर ती म्हणाली, "हो, तेवढं त्यांना येतं."

एकदा खाली व्हॉइड डेकमध्ये मांडव उभा राहिला. आठव्या मजल्यावरचे कुणी गृहस्थ गेले होते. पांढरी फुलं, उदबत्त्या, झांजांच्या तालावर चाललेलं मंत्रपठण. मी ऑफिसमधून परत येत होते, वन-नॉर्थहून बिशानपर्यंत एमआरटीच्या ट्रेनमध्ये उभी राहून पाय आलेले भरून, आणि बघते तर मांडवात पुढच्या ओळीत बापू. ते रडत होते. नुसतं डोळे टिपणं नव्हे, खांदे गदगदत होते. घरातल्या सूनबाई त्यांना पाण्याची बाटली देत होत्या, थोरला मुलगा हात हातात घेऊन उभा होता. वडिलांचा हा कोण जिवलग मित्र, आपल्याला कसा माहीत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी लांबच थांबले. थोड्या वेळानं बापू उठले, मृताच्या फोटोला वाकून नमस्कार केला आणि माझ्याबरोबर लिफ्टकडे चालू लागले.

"बापू, तुमची चांगली ओळख होती का त्यांची?"

"कुनाची?"

"जे गेले त्यांची."

"न्हाई बा. कोन हुते?" आणि माझा चेहरा बघून म्हणाले, "रडाया वळख कशाला लागती, डायरेक्टरबाई? ती झांज आइकली न्हवं तुमी? कसली वाजवतोय गडी!" लिफ्टमध्ये ते तो ताल मांडीवर धरून बघत होते. डोळे अजून लाल होते.

त्या घरातले लोक पुढे दर सणाला त्यांच्यासाठी संत्री आणून द्यायचे. बापू आनंदानं घ्यायचे. ते रडणं खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. खरं होतं असंही म्हणता येत नाही. मी या पहिल्याच ठिकाणी अडकले आणि पुढेही अडकतच गेले.

दिवाळीला मंडळाच्या कार्यक्रमात त्यांचं गाणं ठेवलं. हॉल गच्च भरला होता. पेटी आणि ढोलकी आमचीच हौशी मंडळी, बापूंनी सुरुवातीलाच ढोलकीवाल्याला माइकवरून झापलं, "ही ढोलकी हाय, दार न्हवं." लोक हसले, पोरगा पार कोमेजला. मग त्यांनी डोळे मिटले आणि लेकीच्या पाठवणीचं ते गाणं सुरू केलं.

आई पुसे डोळे तिच्या पदराच्या शेवाला,
बापाला गं पदर न्हाई, त्यानं जावं कोन्या गावाला?

'गावाला'वर आवाज फाटला. पुण्याहून इथं येऊन कोडिंग करणारे, एरवी मराठी गाण्यांच्या वाटेला न जाणारे पुरुष चष्मे काढून पुसत होते. माझ्या शेजारची बाई हमसून रडली. मी वैशालीला शोधायला वळले तर ती जागेवर नव्हती. ती मागे, फराळाच्या टेबलाशी प्लेटांत चकल्या मांडत होती. एक प्लेट भरली की पुढची.

"वैशाली, आत ये ना," मी जाऊन म्हटलं.

"इथूनही ऐकू येतं," ती म्हणाली. मग चकल्या मांडतामांडताच बोलली. ती तीन वर्षांची असताना बापू त्यांच्याच पार्टीतल्या गाणाऱ्या बाईंबरोबर राहायला गेले. कमलबाई त्यांचं नाव. वैशाली आईबरोबर मामाच्या घरी वाढली. तिचं लग्न ठरलं तेव्हा मामानं निरोप धाडला आणि बापू आलेही. जीपमधून, हार घालून, चार साथीदारांसह. मांडवात त्यांनी दोन गाणी म्हटली. लोक सोडेनात, म्हणून तिसरं म्हटलं. अक्षता पडायला उशीर झाला. मग संध्याकाळी दुसऱ्या गावी कार्यक्रम होता म्हणून पाठवणीच्या आधीच निघून गेले.

"गावातले लोक अजून म्हणतात, काय गायले गं तुझे वडील तुझ्या लग्नात!" वैशाली म्हणाली. "पाठवणीला ते नव्हते, हे कुणाच्या लक्षातच नाही. बापाला पदर नसतो म्हणे. गावाला मात्र बरोबर गेले."

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. तिनं एक क्षण हात थांबवला. "आणि माझी आई, माहितीये काय करायची? रेडिओवर यांचं गाणं लागलं की शेजारच्या बायकांना हाका मारून बोलवायची. या गं, आमचे हे गातायत. मी तिच्यावर चिडायचे. ती म्हणायची, गाणं चांगलं आहे ना, मग झालं तर."

"मग तू त्यांना इथं का आणलंस?"

"कमलबाई गेल्या. ते एकटे पडले. मामाचा फोन आला." ती माझ्याकडे बघून हसली. "हे कारण नाहीये, मला माहितीये. खरं कारण मलाच सापडत नाही."

नंतर बापूंना मी विचारलं, ते पदराचं कडवं कुणाचं? त्या दिवशी म्हणाले, माझंच. महिन्याभरानं सांगितलं, दळण दळणाऱ्या एका म्हातारीकडून ऐकलं. आणखी कधीतरी म्हणाले, कमलनं रचलं, माझ्या नावावर खपलं. तिन्ही वेळा माझ्या डोळ्यांत डोळे घालून.

घरात त्यांचं वागणं सरळ नव्हतं. पाहुण्यांसमोर जेवणाला नावं ठेवायचे. "आमची लेक हितं मोठी डाक्टर हाय," असं कुणालाही सांगायचे. चहाचा ट्रे घेऊन आलेली वैशाली कधी दुरुस्ती करायची नाही. निखिल बोटीवरून आला की त्याच्या बाटलीतली व्हिस्की कमी व्हायची आणि बापू शपथेवर नाही म्हणायचे. सकाळी रियाज सुरू झाला की सई खोलीतून ओरडायची, "आजोबा, टू लाऊड ला! नेबर्स विल कम्प्लेन!" तिला मात्र ते कधी रागावले नाहीत. तिच्या ओरडण्याची हुबेहूब नक्कल करायचे, इथल्या बोलीतल्या त्या 'ला'सकट, आणि ती खो खो हसायची. वैशाली स्वयंपाकघरातून ते बघत राहायची. त्या बघण्याला काय म्हणावं, मला कळायचं नाही.

मग आमचं नाटक आलं. बाप आणि मुलाची गोष्ट, मीच लिहिलेली, तासाभराची. बापाच्या कामाला बापूंशिवाय कोण? मुलाच्या कामाला प्रसाद, आमच्याच ऑफिसमधला, पुण्याचा, टीम मॅनेजर. स्वभावानं बुजरा, पण तीन महिने त्यानं जीव तोडून तालमी केल्या. शेवटाकडे त्याचं एक मोठं भाषण होतं, बापाला सगळं तोंडावर बोलून दाखवण्याचं. त्याच वर्षी त्याचे स्वतःचे वडील पुण्यात वारले होते. त्याबद्दल तो कुणाशीच बोलला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. बापू तालमींना उशिरा यायचे, वाक्यं बदलायचे, पण प्रसादशी गोड होते. त्याला उभं कसं राहायचं, श्वास कुठं घ्यायचा, ते प्रेमानं शिकवायचे.

प्रयोगाच्या संध्याकाळी प्रसादचं भाषण सुरू झालं आणि मागे खुर्चीत बसलेल्या बापूंनी हळूच आपली चप्पल शोधायला सुरुवात केली. तालमीत हे कधीच नव्हतं. आधी पायानं चाचपली, मग वाकून खुर्चीखाली बघितलं. प्रेक्षकांत खसखस पिकली. प्रसादला कळेना लोक का हसतायत. त्यानं आवाज चढवला, लोक आणखी हसले. विंगेत मी हातातली संहिता पिळत उभी होते. प्रसाद अडखळला आणि थांबला. त्याच क्षणी बापू सरळ झाले, त्याच्याकडे पाहिलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "बोल की लेका. बाप हाय तवर बोलून घ्यावं."

हे वाक्य नाटकात नव्हतं. प्रसादचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो खरोखरचा, भर रंगमंचावर, लहान मुलासारखा रडायला लागला. बापूंनी उठून त्याला मिठीत घेतलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत नाटकाची उरलेली वाक्यं एकट्यानं म्हटली आणि पडदा पाडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मंडळाच्या इतिहासात असा प्रवेश झाला नाही, असं सगळे म्हणाले. तसं ते खरंही होतं.

प्रसाद त्यानंतर तालमीला फिरकला नाही. काही आठवड्यांनी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये त्यानं मला सांगितलं, "त्यांनी मला मिठी मारली ना, तेव्हा ते माझ्या कानात काय म्हणाले, माहितीये? म्हणाले, आता मोठा हुंदका दे, टाळी येईल."

"मग?"

"मग मी दिला." तो कॉफीच्या कपाकडे बघत होता. "आणि आली ना टाळी. अंजली, बाबा गेल्यावर मी पहिल्यांदा रडलो तो तिथं. घरी जाऊन आईला फोन केला, तासभर बोललो. त्यांचे आभार मानायला हवेत. पण समोर दिसले तर मी त्यांना फटकावीन असं वाटतं."

मी तडक बापूंकडे गेले. ते हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांपाशी, इथली कॉफी म्हणजे कोपी पीत बसले होते, बशीत ओतून. मी जे काही मनात होतं ते बोलले. तुम्ही त्या मुलाच्या दुःखाचा तमाशा केलात, इथपर्यंत बोलले. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्येचं रडायचं ऱ्हायलं हुतं, डायरेक्टरबाई. गळ्याशी आलेलं दिसत हुतं. कुनीतरी काडायचं."

"आणि ती चप्पल?"

"आता ते भाषन जरा लांबलंच हुतं तुमचं," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

तरी मी त्यांच्याशी बोलणं सोडलं नाही. त्याच सुमारास माझी आई पुण्यात वारली. नवरा कामासाठी जपानला, मला विमान मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळचं. दुपारभर मी घरात एकटी होते. वैशालीनं ऑफिसमधून फोन करून बापूंना माझ्याकडे पाठवलं. ते आले, पंख्याखाली खुर्ची ओढून बसले. काही बोलले नाहीत. धीर धरा नाही, काही नाही. मी बॅग भरत होते, काढत होते, पुन्हा भरत होते. ते नुसते बसून होते. मी कितीदा तरी त्यांच्यासमोरून गेले, त्यांनी मान वर केली नाही. बाहेर ऊन उतरलं तेव्हा उठले आणि दारात थांबून त्यांनी विचारलं, "गाऊ का?"

मी नको म्हटलं.

"बरं," म्हणाले, आणि पायांत चपला सरकवून गेले. त्या दिवशी वाटला तितका आधार मला कधी कुणाचाच वाटला नव्हता.

पुण्याहून परत आले त्यानंतर थोड्याच दिवसांत पाडव्याचा कार्यक्रम होता. बापू माइकसमोर बसले आणि गाण्याआधी बोलू लागले. आपल्यात एक बाई आहेत, नाव सांगत नाही. परदेशात एकटी, आई तिकडे गेलेली. मी गेलो. तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, बापू, माझी आई जे म्हणायची ते म्हणा. मी तिच्या केसांवरून हात फिरवत गायलो आणि ती लेकरासारखी झोपी गेली. आणि मग ते गाणं ते गायले, आईविना माहेराला जाणाऱ्या लेकीचं. सगळा हॉल वळून वळून माझ्याकडे बघत होता. नाव न सांगता सगळ्यांना कळलं होतं. माझे कान तापले. मला उठून जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, कारण गाणं फार चांगलं होतं. मी रडत होते. सगळ्यांना वाटलं, आठवणीनं रडतेय.

बाहेर मी त्यांना गाठलं. "बापू, तुम्ही गायला नव्हतात. मी नको म्हटलं होतं."

"व्हय की."

"मग?"

त्यांनी जरा विचार केला. "नको म्हनालासा म्हनून ऱ्हायलं ना गानं. ते ऱ्हायलेलं आज गायलो." माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भोवती जमलेल्या लोकांकडे फोटो काढायला वळले.

सगळ्यांत वाईट म्हणजे, आता आई गेल्याचा दिवस आठवला की कधी कधी मला ते गाणं त्यातच ऐकू येतं. त्या दुपारी माझ्या घरात कुणीही गायलं नव्हतं. मी स्वतःला बजावते, पंखा होता, बॅग होती, शांतता होती. तरी येतं.

याच्यानंतर वर्षभरात त्यांचं हृदय थकत गेलं. पाय सुजायचे, दोन पायऱ्यांत धाप लागायची. केस रंगवणं थांबलं आणि आतला पांढरा म्हातारा बाहेर आला. वैशाली त्यांना औषधं वेळेवर द्यायची, मिठाशिवायचं वेगळं करायची, नखं कापायची. बोलायची कामापुरतं. एका दुपारी घरीच, टीव्ही चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या ते गेले. वैशाली ऑफिसात होती, सई शाळेत. अखेरचं कुणाशी काही बोलले, असं झालं नाही. शोकसभेला प्रसाद आला होता. माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली, माइक नीट लागला आहे ना ते तपासलं आणि शेवटच्या ओळीत जाऊन बसला. वैशाली पहिल्या ओळीत ताठ बसून होती. डोळे कोरडे. ती काय ऐकायला आली होती, आणि मी बोलले त्यातलं तिला काय मिळालं, मी विचारलेलं नाही.

पण सभेत सांगितली नाही आणि वैशालीलाही अजून सांगितली नाही, अशी एक गोष्ट आहे. ते जाण्याच्या थोडे दिवस आधीची. मी पॉलिक्लिनिकच्या समोर, बसस्टॉपवर उभी होते. पॉलिक्लिनिकच्या दाराबाहेरच्या बाकावर बापू एकटेच बसलेले दिसले. वैशाली आत औषधं घ्यायला गेली असणार. मधून रस्ता होता, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हाक मारावी म्हणून मी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. ते स्वतःशी बोलत होते.

म्हातारी माणसं बोलतात तसं ते पुटपुटणं नव्हतं. माझं आयुष्य तालमींत गेलंय. वाक्यं बसवणारा माणूस मला लांबून कळतो. ते एक वाक्य म्हणत होते, थांबत होते, मान हलवून नाही म्हणत होते, पुन्हा म्हणत होते. एकदा हात पुढे करून पाहिला, मग तो मागे घेऊन मांडीवर ठेवला आणि हाताशिवाय म्हणून पाहिलं. त्यांना बघायला तिथं कुणी नव्हतं. मी एक होते आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. शब्द मला ऐकू आले नाहीत. एखादं जुनं नाटक घोकत असतील. डॉक्टरांना काय सांगायचं ते ठरवत असतील. काहीही असेल.

वैशाली बाहेर आली. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात पाण्याची बाटली. त्यांच्यासमोर उभी राहिली. बापूंनी वर पाहिलं आणि बोलण्याआधी घेतात तसा पूर्ण श्वास घेतला. सदरा वर उचललेला मला रस्त्यापलीकडून दिसला. तिलाही कळलं असावं, कारण ती घाई न करता थांबली. पाण्याची बाटली तिनं खाली बाकावर ठेवली. माझी बस आली, दोघं तिच्याआड गेली, आणि मी बसमध्ये न चढता तिच्या मागून वाकून बघत राहिले. बस निघून गेली तेव्हा ती दोघं तशीच होती.

मग बापूंनी तोंड मिटलं. श्वास सोडून दिला. वाक्य विसरलेल्या नटाचा चेहरा मी पुष्कळदा पाहिलाय, तो भेदरलेला असतो. बापू भेदरलेले नव्हते. ते नुसते दमलेले दिसत होते. त्यांनी बाकावरची बाटली उचलून स्वतःच्या काखेत धरली आणि तिचा हात मोकळाच राहू दिला. तिनं तो हात पुढे केला. त्यांनी धरला, उठले, आणि दोघं टॅक्सी स्टँडच्या दिशेनं हळूहळू चालू लागली.